थेरपी सुरू झाली आणि मुलगी जास्तच रडायला लागली

"मॅडम, आधी निदान शांत तरी असायची हो, आता रोज रडते, परवा तर माझ्या तोंडावर दार आपटलं, तुमच्या थेरपीनं अजून बिघडतंय का सगळं?" सहाव्या आठवड्यात एका आईने मला हे विचारलं. स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांचे पालक हा प्रश्न कधी ना कधी विचारतातच, म्हणून लिहितेय. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.)

मुलगी बारावी सायन्सची, नीटची तयारी चालू. आठ-नऊ महिने घरात कुणाला पत्ता नाही, मे महिन्याच्या उकाड्यात पण फुल बाह्या घालून फिरते म्हणून आईला शंका आली. वडील म्हणाले लक्ष वेधून घ्यायला करते. अहो, जी गोष्ट तिने इतके महिने जिवापाड लपवली ती लक्ष वेधायला कशी असेल?

पहिल्या सेशनला विचारलं, इजा करण्याच्या आधी तुला नेमकं काय वाटतं? म्हणाली, "कसंतरी होतं." बस. राग आला तरी कसंतरी, लाज वाटली तरी कसंतरी, एकटं वाटलं तरी तेच, आणि मग इजा केली की थोडा वेळ आतलं सगळं बधिर, त्यानंतर अपराधी वाटणं, आणि ते अपराधीपणच पुढच्या वेळचं कारण. आईला ती शांत दिसायची ना, ती ही बधिरता होती.

मी तिच्यासोबत डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी वापरली. ही अमेरिकेतल्या मार्शा लिनेहन यांनी तयार केली, १९९१ साली तिची पहिली चाचणी छापून आली, आणि २०११ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर सांगितलं की तरुणपणी त्या याच सगळ्यातून गेल्या होत्या. हे ऐकून ती मुलगी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघून बोलली. पुढे २०१४ मध्ये नॉर्वेत ७७ किशोरवयीन मुलांवर १९ आठवड्यांचा अभ्यास झाला, त्यातही डीबीटी घेतलेल्यांचं इजा करणं नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा जास्त कमी झालं होतं.

यात रोज एक डायरी कार्ड भरायचं असतं, कुठली भावना, ० ते ५ मध्ये किती, इजा करावीशी वाटली का, केली का. आणि एखादा प्रसंग घडला की उलटं मागे मागे जात साखळी शोधायची. तिच्या एका रात्रीची साखळी अशी निघाली: आदल्या रात्री चार तास झोप, दुपारी जेवण नाही, संध्याकाळी क्लासच्या ग्रुपवर टेस्टचे मार्क, वडिलांचं "राहू दे आता", मग खोलीचं दार बंद. त्या दिवशी तिला कळलं की आपलं ते 'कसंतरी' म्हणजे लाज होती. लाज वाटली की लपावंसं वाटतं, मग आपण ठरवलं की अशा वेळी मुद्दाम उलटं करायचं, खोलीतून बाहेर येऊन बसायचं. लाट फारच मोठी असेल तर गार पाणी चेहऱ्यावर आणि श्वास सोडताना हळूहळू, त्याने हृदयाची धडधड खरंच उतरते (हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा).

आता आईचा प्रश्न. बधिर करायची सवय सुटायला लागली की आत दाबलेलं वर येणारच, आणि ते वाहून न्यायची कौशल्यं अजून कच्ची असतात, म्हणून मधले काही आठवडे घरच्यांना फार अवघड जातात. मी आईला म्हटलं, रडणं मोजू नका, रडून झाल्यावर ती किती वेळात सावरते ते बघा. आधी अख्खी रात्र जायची, आता तासाभरात जेवायला येते ना? त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, हो, येते.

पण म्हणून सगळंच चालतं असं नाही हं. जखमा वाढत असतील किंवा मरायच्या गोष्टी निघत असतील तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवा, जवळ कुणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि धोक्याच्या वस्तू घरात हाताशी ठेवू नका.

नवव्या आठवड्यात तिच्याकडून पुन्हा एकदा झालं. आई कोसळल्या, पण मुलगी स्वतःहून सांगायला आली होती, लपवलं नव्हतं, आम्ही परत साखळी काढली, एवढंच.

अकराव्या आठवड्याच्या कार्डवर एका रात्री इच्छा ४ होती, पुढे 'केलं नाही', आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात, आईला उठवलं. आईने मला हळूच विचारलं, रात्री दोनला उठवते तेव्हा मी काय बोलू? म्हटलं, काही नाही बोललात तरी चालेल, थोडं सरकून तिला जागा द्या.