मुसोलिनीचा मार्शल बादोल्यो याला इथिओपियातल्या विषारी वायूच्या वापराबद्दल शिक्षा झाली का?

नाही, त्याच्यावर खटलाच चालला नाही. १९५६ साली तो आपल्या गावी म्हातारा होऊन वारला. कारण एकच, त्याने वेळेवर बाजू बदलली. १९३५-३६ मध्ये इटलीने इथिओपियावर चढाई केली तेव्हा त्याच्या हुकमतीखाली विमानांतून मस्टर्ड गॅस हा विषारी वायू टाकला गेला, बक्षीस म्हणून 'अदिस अबाबाचा ड्यूक' ही पदवी मिळाली. जुलै १९४३ मध्ये मुसोलिनीची सत्ता पडताच इटलीच्या राजाने बादोल्योलाच पंतप्रधान केलं आणि सप्टेंबरमध्ये त्याने दोस्त राष्ट्रांशी शस्त्रसंधी जाहीर केली. मग ब्रिटनला तो कामाचा माणूस वाटू लागला. इथिओपियाने संयुक्त राष्ट्रांच्या युद्धगुन्हे आयोगाकडे दिलेल्या यादीत त्याचं नाव होतं, पण पुढे काही हललं नाही. फक्त एक लक्षात घ्या: इथिओपियातच लढलेला दुसरा इटालियन मार्शल ग्रात्सियानी याला १९५० मध्ये शिक्षा झाली, तीही जर्मनांना साथ दिल्याबद्दल, इथिओपियातल्या गुन्ह्यांसाठी नव्हे. बादोल्योच्या गावाला तर आजही त्याचंच नाव आहे, ग्रात्सानो बादोल्यो!