पहिल्यांदा वर्डकॅम्पला जाताय? सत्रं अशी निवडा

वर्डकॅम्प म्हणजे वर्डप्रेस (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांचं संमेलन. त्याचं वेळापत्रक हाती आलं की सगळीच सत्रं गाठावीशी वाटतात. तसं करू नका. बरीचशी भाषणं नंतर वर्डप्रेस टीव्हीवर फुकट बघता येतात. वक्त्याला गाठून विचारलेला प्रश्न मात्र रेकॉर्डिंगमध्ये मिळत नाही.

सुरुवात सुरक्षेपासून करा, हे माझं ठाम मत. नवीन माणूस आधी डिझाइन आणि एसईओकडे (गुगलसारख्या शोधात साइट वर आणण्याकडे) धावतो आणि सुरक्षा साइट हॅक झाल्यावर आठवते. ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या टॉप टेन धोक्यांच्या यादीत पहिला क्रमांक ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोलचा आहे, म्हणजे ज्याला ज्याचा अधिकार नाही ते त्याला बघता किंवा बदलता येणं. इथे अवघड पासवर्ड पुरत नाही. पानावरचं बटण लपवूनही भागत नाही. प्रत्येक विनंतीला सर्व्हरनेच परवानगी तपासायला हवी. वक्ता हे कोडमध्ये दाखवणार असेल तर पुढच्या रांगेत बसा. नुसती प्लगइनची (वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरची) नावं वाचणार असेल, तर खुशाल दुसऱ्या सत्राला जा.

साइटच्या वेगावरची जुनी भाषणं बघताना तारीख तपासा. मार्च २०२४ मध्ये गुगलच्या वेगाच्या मापांमध्ये एफआयडीची (पहिल्या क्लिकनंतरचा विलंब) जागा आयएनपीने (क्लिक केल्यापासून पानावर बदल दिसेपर्यंतचा वेळ) घेतली. २०० मिलिसेकंदांपर्यंत तो चांगला धरतात.

कुणी 'ट्रॅफिक दुप्पट केलं' म्हणालं, तर जरूर विचारा: आधी किती होतं, किती काळात वाढलं, सोबत जाहिराती चालू होत्या का? चांगला वक्ता अशा प्रश्नांनी खूश होतो.

आणि जाण्याआधी आपल्या साइटचा बॅकअप एकदा रिस्टोर करून बघा. अडलात, तर तिथे विचारायला नेमका प्रश्न तयार असेल.