मीटर वाजलं नाही म्हणजे खोली साफ धरायची का?

अणुवीज केंद्र मोडीत काढताना किरणोत्सारी दूषण कसं तपासतात आणि मीटर गप्प राहिलं तर जागा साफ धरायची का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. अजिबात नाही.

मी 23 वर्षं हेल्थ फिजिक्समध्ये, म्हणजे किरणोत्सारापासून माणसांना जपण्याच्या कामात काढली, आता नाशकात असतो. एका शटडाउनमध्ये, म्हणजे अणुभट्टी बंद असताना, पंपाच्या खोलीला साहेबांनी ‘साफ’ म्हणून सही दिली. दहा मिनिटांत अख्खी खोली, झाडू मारावा तसा मीटरचा प्रोब फिरवून. मला ते पटलं नाही. पॅनकेक प्रोबची, म्हणजे चपट्या गोल प्रोबची, किरण टिपणारी खिडकी जेमतेम साडेचार सेंटिमीटर. सेकंदाला 5 सेंटिमीटर सरकवला तरी डाग खिडकीखाली सेकंदभरच राहतो. बॅकग्राउंड, म्हणजे डाग नसतानाही होणारी नोंद, मिनिटाला साधारण 50 काउंट (टिकटिक), म्हणजे सेकंदाला एकही नाही. डाग बॅकग्राउंडच्या चौपट असला तरी कानावर तीन-चार टिकटिक. झपाट्यानं हात मारलात तर तेवढ्याही नाहीत.

मी गुडघे टेकून परत सुरुवात केली, प्रोब जमिनीपासून सेंटिमीटरच्या आत. ड्रेनच्या जाळीजवळ रंगाचा पोपडा सुटला होता, तिथं टिकटिक दाटली. हात थांबवला तसा काटा चढत गेला. पोपडा उचलला, गोल फिल्टर पेपरनं 100 चौरस सेंटिमीटर जागा पुसली, पेपर किरण मोजायच्या यंत्राला लावला. पेपरवरही आलं. म्हणजे सुटं होतं, बुटाला लागून दाराबाहेर जाणारं. साहेब म्हणाले, “तू उगाच वेळ काढतोस.”

केंद्र मोडतानाही मूळ हेच: चौकोन आखायचे, हळू स्कॅन, मग स्वाइप (तसंच पेपरनं पुसून बघणं), काँक्रीटमध्ये मुरलं असेल तर कोअर, म्हणजे आतून गोल नमुना, काढायचा. ओल्या फरशीवर अल्फा किरण कळत नाहीत, पाणीच त्यांना अडवतं. ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) तर या प्रोबला दिसतच नाही. दूषणातलं किरणोत्सारी कोबाल्ट-60 दर 5.27 वर्षांनी निम्मं होतं, सीझियम-137 ला 30 वर्षं लागतात, त्यामुळे नुसतं थांबून सगळं सुटत नाही.

अख्खं केंद्र मोडायच्या कामावर मी नव्हतो, हेही सांगतो. आणि जोरदार डाग आधी हुडकायला भरभर फेरी चालते, फक्त तिच्यावर सही करू नये.

साहेबही आता इथंच, गंगापूर रोडला राहतात. सकाळी फिरताना भेटले की अजून म्हणतात, डाग माझ्या सहीनंतर कामगारांच्या बुटांनी आला. बुटांनी आलेला डाग रंगाच्या खाली कसा जाईल, साहेब?