शेततळ्याचं पाणी हिरवं झालंय, औषध मारून साफ करू का?

नका मारू! शेवाळ एकदम मेलं की ते सडताना पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात.

पाण्यातला हलका हिरवा रंग म्हणजे माशांचा चाराच. ते सूक्ष्म शैवाल खाऊन बारीक जीव वाढतात, त्यांच्यावर कतला पोसतो. सिल्व्हर कार्प तर शैवालच गाळून खातो. कोपरापर्यंत हात पाण्यात घाला. तळवा तिथवर दिसेनासा होत असेल तर ठीक. मनगटाशीच दिसेनासा झाला तर शेण, खत, खाद्य थांबवा आणि थोडं ताजं पाणी सोडा. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर वाट पाहू नका, पंप लावून पाणी उंचावरून पाडा. रात्री शैवालही ऑक्सिजनच घेतं, म्हणून पहाटेच गळा आवळला जातो.

धाग्यासारखं शेवाळ मात्र हाताने ओढून काढा.

अझोला (पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं) वेगळ्या वाफ्यात वाढवून गवत्या माशाला (ग्रास कार्पला) टाका. पण तळं मामा तलावासारखं (जुन्या मालगुजारी तलावासारखं) मातीचं असेल तर गवत्या जपून सोडा, पाण्याखाली वाढणारी हायड्रिला वनस्पती तो सगळी फस्त करतो. भंडारा-गोंदियाकडे काही गावांतल्या ढिवर (मासेमार) समाजाच्या बायांनी बेशरमाची झुडपं उपटून हायड्रिलासारख्या वनस्पती मुद्दाम लावल्या, कारण देशी मासे त्यातच अंडी घालतात, पिल्लं तिथंच लपतात. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात हा खटाटोप करू नका. जलकुंभी तर कुठेच नको.