सीएच२ आलं, मग उत्तर चूक कसं?

प्रश्न: सर, एका हायड्रोकार्बनमध्ये कार्बन ८५.७ टक्के, हायड्रोजन १४.३ टक्के, रेणुवस्तुमान ५६, रेणुसूत्र काढा असं गणित होतं. मी सीएच२ लिहिलं, पुस्तकात सी४एच८ दिलंय. आकडेमोड तीनदा बघितली, चूक सापडत नाही. दुसऱ्या गणितात ८१.८ आणि १८.२ टक्के, रेणुवस्तुमान ४४, तिथे सीएच३ आलं तेही चुकलं. घोळ कुठे होतोय?

उत्तर: अगं, पहिल्यात घोळ नाहीच, तू फक्त एक पायरी आधी थांबलीस. ८५.७ ला कार्बनच्या अणुवस्तुमानाने, म्हणजे १२ ने, भागलं की ७.१४, हायड्रोजनचं अणुवस्तुमान १ म्हणून त्याचे १४.३ तसेच, म्हणजे एकास दोन, इथपर्यंत बरोबर. पण हे नुसतं प्रमाण झालं, रेणू नाही. एथिलीन घे, प्रोपीन घे नाहीतर ब्युटीन, सगळ्यांचे टक्के हेच येतात, म्हणून तर ५६ दिलेत. सीएच२ चे १४, छप्पन्न भागिले चौदा चार, झालं सी४एच८.

दुसऱ्यात मात्र खरी चूक आहे आणि ती जवळजवळ सगळेच करतात. ८१.८ भागिले १२ म्हणजे ६.८२, त्याने १८.२ ला भागलं की २.६७ येतात आणि तू त्याचे सरळ ३ करून टाकलेस! २.९८ असते तर चाललं असतं, २.६७ म्हणजे दोन पूर्णांक दोन तृतीयांश, तिथे दोन्ही बाजूंना ३ ने गुणायचं, तीनास आठ येतं, सी३एच८, प्रोपेन, वस्तुमान बरोबर ४४. तसंही सीएच३ चे होतात १५ आणि ४४ ला १५ ने भाग जात नाही, तिथेच पेन थांबायला हवं होतं.

अजून एक, हायड्रोकार्बनच्या रेणूत हायड्रोजन कायम समसंख्येतच असतात, आणि कार्बनच्या दुप्पट अधिक दोन यापेक्षा जास्त बसूच शकत नाहीत, कारण कार्बनची संयुजा चार, म्हणजे एक कार्बन चारच बंध करतो. उत्तर लिहिल्यावर हे बघून घेत जा, दहा सेकंदांचं काम आहे. चार कार्बनला जास्तीत जास्त १० बसतात, तुझ्याकडे ८ आहेत, दोन कमी, म्हणजे एक दुहेरी बंध असेल किंवा कार्बनचं वलय. ब्युटीनही सी४एच८ आणि सायक्लोब्युटेनही, त्यातलं कुठलं ते टक्के आणि वस्तुमान यावरून कळत नाही, त्यामुळे गणितात नुसतं रेणुसूत्र विचारलं असेल तर नाव लिहायच्या भानगडीत पडू नकोस.