प्रसूतीत आईला झालेली इजा: दावा कशावर उभा राहतो

आपण मांडलेली हकिगत थोडक्यात अशी आहे: डिचोलीतील एका खाजगी इस्पितळात आपल्या पत्नीची प्रसूती चिमटा लावून झाली, टाके घालून चौथ्या दिवशी घरी पाठवले, त्यानंतर शौचावरचा ताबा गेला आणि काही महिन्यांनी गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी इस्पितळात) तपासल्यावर गुदद्वाराभोवतीचा स्नायू फाटलेला असून तो शिवलाच गेला नव्हता, असे निघाले. इस्पितळ म्हणते की ही नेहमीची गुंतागुंत आहे आणि संमतीपत्रावर सही आहे. दीड वर्ष उलटल्यावर दावा करता येईल का, असे आपण विचारता. करता येईल, मात्र दिवस थोडे उरले आहेत.

इस्पितळाचे म्हणणे अर्धे खरे आहे. चिमट्याच्या प्रसूतीत हा स्नायू निष्णात हातांखालीही फाटू शकतो, आणि केवळ फाटला म्हणून कोणताही ग्राहक आयोग (जिथे अशी भरपाईची तक्रार चालते) डॉक्टरांना दोषी धरणार नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. टाके घालण्यापूर्वी गुदद्वारातून बोटाने तपासणी झाली का? इजा किती खोल आहे, याची नोंद झाली का? स्नायू फाटल्याचे ओळखले असेल, तर तो पुरेशी भूल देऊन, जाणत्या डॉक्टरांकडून थराथराने शिवला गेला का? घरी पाठवताना शौच मऊ ठेवणारे औषध आणि फेरतपासणीची तारीख दिली का? आपला दावा या हयगयीवर उभा राहील. संमतीपत्राची सही जोखीम समजल्याची असते, हयगयीला दिलेली माफी नसते.

म्हणून वकिलांकडे जाण्याआधी इस्पितळाकडे लेखी अर्ज करून संपूर्ण केसपेपरच्या प्रती मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार त्या 72 तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. ते बहुधा चार ओळींचे असते. प्रसूतिकक्षातील नोंदी, कळांचा आलेख, टाक्यांचे वर्णन आणि परिचारिकांची नोंदवही, यांतच खरे काय ते कळते. टाक्यांच्या वर्णनात स्नायूचा उल्लेखच नसेल, तर ते मौन आपल्या बाजूने बोलते.

ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. इजा उशिरा कळली तर मुदत कळल्यापासून धरली जाऊ शकते, पण त्यावर विसंबू नका. 1993 मधील शस्त्रक्रियेत पोटात राहिलेला गॉज (रक्त टिपण्याचा जाळीदार कपडा) 2002 मध्ये सापडल्यावर गोव्यात परिचारिका असलेल्या एका महिलेने 2004 मध्ये तक्रार केली, तेव्हा त्रास सतत होत असताना चौकशी आधीच करायला हवी होती, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ती मुदतबाह्य ठरवली. आपण प्रसूतीच्या तारखेपासूनच दोन वर्षे मोजा.

तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. आयोगाची पातळी मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर इस्पितळाला दिलेल्या रकमेवर ठरते. ती 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांच्या आत असेल तर शुल्कही नाही. बिल गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेतून भागले असेल, तरी घाबरू नका: विम्यातून पैसे मिळालेली सेवाही सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या व्ही. पी. शांता निकालाप्रमाणे ग्राहक कायद्यात येते. (सर्वांनाच मोफत उपचार देणाऱ्या सरकारी इस्पितळाची गोष्ट निराळी, तिथे दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालय हाच मार्ग उरतो.)

तज्ज्ञाचे मत प्रत्येक प्रकरणात सक्तीचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये म्हटले आहे. तरीही इथे ते घ्यावेच. गोव्यासारख्या लहान राज्यात एक डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध लिहून देण्यास कचरतो, त्यामुळे बेळगाव किंवा पुण्याकडे चौकशी करा.

भरपाई मागताना फक्त बिले जोडून थांबू नका. दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेचा अंदाजित खर्च, बुडालेली नोकरी, घरकामासाठी ठेवलेली बाई, रोजचे पॅड आणि चारचौघांत जाणे सोडावे लागल्याची यातना, हे सारे पत्नीच्या शपथपत्रात तिच्याच शब्दांत यावे. पुरुषांनी लिहिलेल्या तक्रारींत हा भाग संकोचाने एका वाक्यात उरकलेला असतो.

पोलिसांत जाण्याची घाई करू नका. फौजदारी गुन्ह्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाने साध्या चुकीच्या पलीकडच्या, अतिगंभीर निष्काळजीपणाची अट घातली आहे. गोवा वैद्यकीय परिषद डॉक्टरांच्या नोंदणीवर कारवाई करू शकते, भरपाई देत नाही. आणि दुरुस्तीची शस्त्रक्रिया पूर्ण होईपर्यंत थांबण्याचा विचार असेल तर तो सोडा. गोमेकॉकडून खर्चाचे व उपचारांचे पत्र घेऊन तक्रार आताच दाखल करा.