'वाल्डमाइस्टर'ला 'रानदवणा' म्हणावं का?

प्रश्न एका भाषांतरकाराचा आहे. जर्मन कथेतली आजी कपाटात 'वाल्डमाइस्टर'ची जुडी ठेवते आणि मामा तीच वनस्पती वाइनमध्ये घालतो. इंग्रजी कोशात 'वुडरफ' मिळालं, मराठी कोशात काहीच नाही. मग 'रानदवणा' चालेल का?

माझ्या मते नको. 'रान' ठीक आहे, अडचण दवण्याची आहे. दवणा म्हटलं की जोतिबाची चैत्रयात्रा डोळ्यांपुढे येते आणि पान चुरडताक्षणी बोटांना लागणारा वास आठवतो. वुडरफचं नेमकं उलट. ताजं पान हुंगलं तर फारसं काही हाती लागत नाही. ते कोमेजू लागलं की त्यातलं कूमारिन हे सुगंधी द्रव्य मोकळं होतं आणि वाळल्या गवताचा, किंचित व्हॅनिलाकडे झुकणारा वास सुटतो. पुरतं सुकल्यावरही तो बराच काळ टिकतो. तिचे जुने घरगुती उपयोग यावरच उभे आहेत. कपड्यांना कसर लागू नये म्हणून जुड्या ठेवायच्या, गाद्यांत भरायची, खोलीत टांगायची. उन्हाळ्यात ती घरात टांगली की हवा थंड आणि ताजी होते, असं इंग्रज वनस्पतीकार जॉन जेरार्डने 1597 मध्येच लिहून ठेवलंय.

बरं, ती दवण्याच्या नात्यातलीही नाही. दवणा सूर्यफुलाच्या कुळातला. वुडरफ मंजिष्ठेच्या आणि (हो!) कॉफीच्या कुळातली. युरोपातल्या बीच वृक्षांच्या सावलीत वीतभर वाढते. खोडाभोवती सहा ते आठ पानांचं चक्र, त्यावर पुन्हा तसंच चक्र, आणि मे महिन्याच्या सुमारास शेंड्याला बारीक पांढरी फुलं.

नावांची मात्र मजा आहे. 'वाल्ड' म्हणजे रान आणि 'माइस्टर' म्हणजे उस्ताद. हा 'माइस्टर' मूळचा लॅटिन 'मागिस्टर'. त्याच लॅटिन शब्दापासून पोर्तुगीज 'मेस्त्र' झाला, त्यावरून आपला मेस्त्री. आणि इंग्रजीच्या वाटेने आपला मास्तरही तिथूनच आला. त्यामुळे व्युत्पत्तीच्याच हिशेबाने जायचं तर 'रानमेस्त्री' म्हणावं लागेल. पण मग आजीच्या कपाटात सुतार बसलाय असं वाटेल! फ्रेंचांनी तिला 'रानाची राणी' केलं. डच नावात ती मेरीमातेच्या अंथरुणातलं गवत आहे, म्हणजे गादीचा उपयोग थेट नावातच उतरला.

मामाच्या वाइनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण भाषांतरात चूक होईल ती इथेच. जर्मनीत मे महिन्यात 'माइबोवल' करतात. फुलं यायच्या आत वुडरफ खुडायची, रात्रभर कोमेजू द्यायची, दोऱ्याने जुडी बांधायची आणि पांढऱ्या वाइनच्या भांड्यात उलटी लोंबती सोडायची. देठांची कापलेली टोकं वाइनला लागू देत नाहीत. थोड्या वेळाने जुडी काढून घेतात आणि वर फसफसणारी वाइन ओततात. प्रमाण लिटरमागे साधारण तीन ग्रॅम. हात सैल सोडला तर डोकं धरतं, आणि जास्त कूमारिन यकृतालाही बाधतं. म्हणून इथे 'पाला वाटून घातला' किंवा 'उकळला' असं लिहू नका. 'जुडी वाइनमध्ये सोडली' एवढं पुरे.

तेव्हा नवं नाव पाडायच्या भानगडीत पडू नये. 'वुडरफ'च ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला दोन शब्द जोडा: 'सुकल्यावर दरवळणारी वुडरफ'. आजीचं कपाट त्यातून आपोआप कळतं. पुढे कुठे पोपटी जेली, सरबत किंवा बर्लिनची हिरवी बिअर आली, तर तिथे मात्र 'वाल्डमाइस्टर' राहू द्या. 1970च्या दशकापासून जर्मनीत मुलांच्या गोळ्या-सरबतांत ही वनस्पती वापरता येत नाही. बाजारात त्या नावाने मिळतो तो बहुतेक कृत्रिम स्वाद आणि हिरवा रंग. त्याला वुडरफ म्हणणं खोटं ठरेल.